'मेसी' म्हणजे आपला मधच का? फिनिश-एस्टोनियन शब्द आणि आपली मधमाशी

हिमफूल
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी फिनलंडमध्ये तांपेरे शहरात राहते. मागच्या आठवड्यात हेलसिंकीहून बोटीने एस्टोनियात टालिनला जाऊन आलो. दोन तासांचा प्रवास. तिथल्या स्टेशनाजवळच्या बाजारात एक आजी मध विकत बसल्या होत्या. काचेच्या बरण्या, झाकणावर चौकड्याचं फडकं, त्याला सुतळी आणि शाईने हाताने लिहिलेली चिठ्ठी. माझा सात वर्षांचा मुलगा हल्ली दिसेल ते वाचत सुटतो. तो ओरडला, "आई, मेस्सी! फुटबॉलवाला!"

चिठ्ठीवर लिहिलं होतं 'मेसी'. एस्टोनियन भाषेत मेसी म्हणजे मध. आजींनी काडीवर थोडा मध चाखायला दिला. लिंडनच्या फुलांचा, किंचित पुदिन्यासारखा वास. आणि तेव्हाच मला लखकन जाणवलं: मेसी... मध... हे एकच तर नाही?

घरी येऊन फिनिश शब्दकोश उघडला. फिनिशमध्येही 'मेसी' आहे, पण दुकानात मधाच्या बरणीवर तो कधीच दिसत नाही. तिथे 'हुनाया' लिहितात. मग फिनिश मेसी कुठे गेला? आणि फिनिश ही तर आपल्या भाषाकुळातली भाषासुद्धा नाही, मग हा शब्द तिथे पोचला कसा? की हा नुसता योगायोग आहे? जाणकारांनी सांगावं.

फक्त_वाचक
मेस्सी आणि मध, दोन्ही आवडीचे. धाग्यावर मुक्काम ठोकतोय.

मॉस्कोचे_दिवस
रशियनमध्ये मधाला 'म्योद' म्हणतात. अस्वलाला 'मेद्वेद', म्हणजे मूळ अर्थाने 'मध खाणारा'. ऋग्वेदात 'मध्वद' असा शब्द आहे, मधु + अद्, अगदी त्याच घडणीचा. शिकत असताना प्राध्यापकांनी हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवलं होतं, तो तास अजून आठवतो. त्यामुळे मेसी नक्कीच या गोतावळ्यातला असणार. मात्र 'ध'चा 'स' कसा झाला ते कळत नाही.

वैदिक_वाटसरू
यात आश्चर्य कसलं? संस्कृत ही सर्व भाषांची जननी. आपले पूर्वज फिनलंडपर्यंत गेले होते याचा आणखी एक पुरावा मिळाला.

क्षकार
हिमफूल, फार सुंदर शब्द उचललात. जरा सविस्तर लिहिते.

आधी 'स'चा उलगडा. तुम्ही फिनिश शिकलात म्हणजे 'वेसी' (पाणी) माहीत असेलच. पण विभक्ती लागली की त्याचं 'वेदेन', 'वेत्तॅ' होतं, 'स' गायब. मेसीचंही तसंच: मेसी, मेदेन, मेत्तॅ. आपल्याकडे जसं ऊस पण उसाला, घोडा पण घोड्याला, तसं त्यांचं सामान्यरूप. आणि खरं रूप तिथेच लपलेलं असतं. मूळ शब्द 'मेते' असा होता. फिनिक (म्हणजे फिनिश-एस्टोनियन गटातल्या) भाषांत शब्दाच्या शेवटचा 'ए' आधी 'इ' झाला, आणि शेवटी 'ति' आला की त्याचा 'सि' झाला. विभक्तीच्या रूपांत शेवटी 'इ' येत नव्हता, म्हणून तिथे 'त' किंवा 'द' टिकला. आता 'मेते' आणि 'मधु' शेजारी ठेवून बघा. त्या जुन्या युरालिक भाषेत (फिनिश, एस्टोनियन, हंगेरियन या सगळ्या त्याच कुळातल्या) 'ध'सारखे महाप्राण नव्हतेच, म्हणून पाहुण्या शब्दाच्या 'ध'च्या जागी त्यांनी आपला 'त' वापरला.

म्हणजे योगायोग नाही. हा उसना घेतलेला शब्द आहे, आणि भाषाशास्त्रात त्याबद्दल बऱ्यापैकी एकमत आहे.

तंजावूरकर
क्षकारताई, 'ध'चा 'त' होण्याचं अगदी घरचं उदाहरण देतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूतले मराठी. तमिळ लिपीत त, थ, द, ध या चौघांना मिळून एकच अक्षर. आमच्या घरी 'मधु' नावाची आत्या आहे. तिचं नाव रेशनकार्डावर तमिळमध्ये जसं लिहिलंय ते मराठी माणसाने अक्षर लावून वाचलं तर 'मतु' होईल. फिनिश लोकांनी चार हजार वर्षांपूर्वी आत्याचं नाव असंच लिहून घेतलं म्हणायचं!

हिमफूल
वेसी-वेदेन मी रोज बोलते, पण मेसी-मेदेन त्याच वाटेने जातो हे कधी लक्षातच आलं नाही. खूप आभार. तंजावूरकर, आत्यांना नमस्कार सांगा.

क्षकार
वैदिक_वाटसरू, तुमच्या मुद्द्याकडे येते, कारण तो महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर याच शब्दात दडलंय. मेसी संस्कृतमधून गेलेला नाही. तो संस्कृतपेक्षा जुना आहे.

'मेते' मधला 'ए' पाहा. ग्रीकमध्ये 'मेथु' (मद्य), लिथुआनियनमध्ये 'मेदुस', सगळीकडे ए. संस्कृतात मात्र 'मधु', म्हणजे अ. मूळचा स्वर ए होता आणि भारत-इराणी शाखेत तो पुढे अ झाला. याचा पुरावा संस्कृतच्या पोटात आहे. संस्कृत 'च' (आणि) म्हणजे लॅटिन 'क्वे'. 'क'चा 'च' का झाला? पुढे 'अ' असता तर व्हायचं कारण नव्हतं, 'कथा'चं कुठे 'चथा' झालंय? पुढे 'ए' होता, त्याने क ला च केलं आणि नंतर स्वतः अ झाला. 'चकार' या रूपातही तेच. पाऊल उमटवून माणूस निघून जावा, तसा तो ए.

आता ज्या लोकांनी 'मेते' उसना घेतला, त्यांनी तो ए असतानाच घेतला. त्या वेळी वेद रचले गेले नव्हते, संस्कृत म्हणावी अशी भाषा घडली नव्हती. संस्कृतच्या आजी-पणजीची भाषा बोलणारे लोक उरल पर्वताच्या दक्षिणेला, व्होल्गाच्या आसपास गवताळ प्रदेशात होते. उत्तरेच्या जंगलात युरालिक भाषा बोलणारे. त्यांचा शेजार होता, देवाणघेवाण होती. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, कदाचित त्याहूनही आधीची गोष्ट. फिनलंडला कोणी गेलं नाही. शब्द घेतलेल्या लोकांचे वंशज पुढे पश्चिमेला सरकत फिनलंड-एस्टोनियापर्यंत गेले.

वैदिक_वाटसरू
'च' आणि 'क्वे'चं उदाहरण पटलं. पण मग मला एक सांगा, लिथुआनियन 'मेदुस'मध्येही ए आहे आणि लिथुआनिया तर एस्टोनियाच्या जवळ. मग शब्द तिथूनच का आला नसेल? उरलपर्यंत जायची गरज काय?

क्षकार
उत्तम प्रश्न! हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. एक उत्तर माझ्याकडे आहे, पण आधी हंगेरीतलं कोणी आहे का इथे?

बुडापेस्टहून
आहे आहे. हंगेरियनमध्ये मध म्हणजे 'मेझ'. आणि मधमाशी म्हणजे 'मेह'. मी इथे आले तेव्हा दुकानात 'मेझ' वाचून मलाही असाच धक्का बसला होता, पण विचारायचं कोणाला?

क्षकार
बुडापेस्टहून, तुम्ही नकळत दोन्ही पुरावे दिलेत.

पहिला: मधाचा हा शब्द हंगेरियनमध्ये आहे, कोमीमध्ये 'मा', उद्मुर्तमध्ये 'मु', मारीमध्ये 'म्यु', मोर्दविन लोकांच्या एर्झ्या भाषेत 'मेद्य'. हे लोक व्होल्गा, कामा या नद्यांच्या आणि उरलच्या परिसरातले. हंगेरियन लोकांचे पूर्वज तर उरलच्याही पूर्वेकडून आलेले. बाल्टिक किनाऱ्यावरून शब्द घेतला असता तर तो या सगळ्यांकडे, प्रत्येकाच्या आपापल्या ध्वनिनियमांनी बदललेला, सापडला नसता. म्हणजे तो त्यांच्या सामाईक पूर्वजभाषेत होता.

दुसरा पुरावा मला सगळ्यात जास्त आवडतो. फिनिशमध्ये मधमाशीला 'मेहिलॅइनेन' म्हणतात. त्यातलं 'लॅइनेन' म्हणजे नुसता प्रत्यय. खरा शब्द 'मेहि'. त्याचं जुनं रूप 'मेक्शि'. एर्झ्यामध्ये तो अजून 'मेक्श' असाच आहे, आणि तुमचा 'मेह'ही त्यातलाच. आता मोठ्याने म्हणा: मेक्शि, मक्षिका.

आणि हा माशीचा शब्द बाल्टिकमध्ये नाही, स्लाव्हमध्ये नाही, ग्रीकमध्ये नाही. तो फक्त भारत-इराणी शाखेत आहे: वेदात 'मक्ष्', अवेस्तात 'मख्शी'. मध कोणाकडूनही मिळाला असता, माशी एकाच घरून मिळू शकत होती.

फक्त_वाचक
अंगावर काटा आला.

कोयनाकाठ
मी मधपाळ. महाबळेश्वरच्या बाजूला आमच्या पेट्या आहेत, वडिलांपासून. भाषेतलं मला फार कळत नाही, पण आता जे वाचलं त्यावरून विचारतो. मध म्हणजे त्यांचा मेसी, माशी म्हणजे त्यांची मेहि. मग आपण 'मधमाशी' म्हणतो तेव्हा ते दोन्ही शब्द एका दमात म्हणतो की काय?

क्षकार
होय दादा! तेच! इतक्या नेमक्या शब्दांत मला सांगता आलं नसतं. मधु-मक्षिकेचं मराठीत मधमाशी झालं, आणि फिनलंडमध्ये त्याच दोन शब्दांचे मेसी आणि मेहि झाले.

'क्ष'चा प्रवास तर बघण्यासारखा आहे. मराठीत त्याचा 'श' किंवा 'स' झाला: मक्षिका-माशी, इक्षु-ऊस, कुक्षि-कूस. हिंदीत 'ख': मक्खी, ईख, कोख. फिनिशमध्ये 'ह'. माझं टोपणनाव काही उगाच घेतलेलं नाही.

मॉस्कोचे_दिवस
अस्वलाचा विषय मी काढला होता, तोच पुढे नेतो. फिनिशमध्येही जंगलात अस्वलाचं खरं नाव घ्यायचं नाही असा संकेत होता. नाव घेतलं तर ते येतं, ही भीती. म्हणून टोपणनावं. त्यातलं एक 'मेसिकॅम्मेन', म्हणजे 'मधाच्या पंजाचा'. मधाने माखलेला पंजा चाटत बसलेलं अस्वल डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणतात, तोच प्रकार.

कोयनाकाठ
अस्वलाचं मध खाणं आमच्या बाजूच्या रानातही जुन्या लोकांनी पाहिलेलं. झाडावर चढून पोळं ओरबाडतं.

आता माझा एक प्रश्न. तिकडे माशी कुठली? आमच्याकडे आग्या आहे, ती उंच झाडाला नाहीतर कड्याला उघड्यावर एकच मोठं पोळं करते, पेटीत राहत नाही. फुलोरी लहान, झुडपात करते. पेटीत राहते ती सातेरी, कारण ती मुळात झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी करणारी. महाबळेश्वरजवळ मांघर गाव आहे, ते २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे घरोघरी सातेरीच्या पेट्या दिसतील. पेटी उघडताना मी आधी कान लावतो. गुणगुण एकसारखी असेल तर सगळं ठीक. आवाज फाटला, रडल्यासारखा झाला, की समजायचं राणी नाही.

हिमफूल
कोयनाकाठ दादा, इकडची माशी युरोपीय, जिला आपल्याकडे मेलिफेरा म्हणतात ती. तीसुद्धा ढोलीत राहणारीच. गंमत म्हणजे एस्टोनियनमध्ये मधमाशीच्या पेटीला 'मेसिपू' म्हणतात. 'पू' म्हणजे झाड. मधाचं झाड! पूर्वी जंगलातल्या पोकळ खोडांतून मध काढायचे, पुढे ओंडके कोरून ठेवायला लागले. आता रंगवलेल्या लाकडी पेट्या आहेत, पण नाव झाडाचंच.

कोयनाकाठ
मधाचं झाड. आमची ढोली. हे आज घरी सगळ्यांना सांगणार.

सोलापूरची_लेक
अवांतर: फिनिशमध्ये आईला 'आइती' म्हणतात ना? मग आपली 'आई'ही तिकडे गेली असेल का? आणि 'मी'ला ते 'मिनॅ' म्हणतात!

क्षकार
नाही हो. हे दोन्ही सापळे आहेत, आणि गोड सापळे आहेत म्हणून सांगते. 'आइती' जर्मानिक शेजाऱ्यांकडून आलेला आहे; गॉथिक भाषेत आईला 'आइथी' होतं. फिनिशचा स्वतःचा जुना शब्द 'एमो', एस्टोनियनमध्ये आजही 'एमा'. 'मिनॅ' मात्र पूर्णपणे त्यांचा स्वतःचा आहे. सर्वनामात 'म' असणाऱ्या भाषा जगात पुष्कळ आहेत. नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर विसंबलं की माणूस हमखास फसतो. नियम हवा, आणि तो नियम दुसऱ्या शब्दांतही चालायला हवा.

नियमात बसणारे हवे असतील तर घ्या: फिनिश 'साता', एस्टोनियन 'सादा', हंगेरियन 'साझ', अर्थ शंभर. आपलं शत, आणि दोनशे-तीनशेतलं 'शे'. 'वासारा' म्हणजे हातोडा, आपलं वज्र. 'युव्हॅ' म्हणजे धान्याचा दाणा, आपला यव, म्हणजे जव.

हिमफूल
'साता'वरून आठवलं. फिनिशमध्ये पाऊस पडणं म्हणजे 'साताऽ', शेवटचा 'आ' लांबवून म्हणतात. माझ्या मुलाची समजूत अशी की शंभर थेंब पडले की त्याला पाऊस म्हणायचं. तो सध्या खिडकीशी बसून मोजतो.

क्षकार
किती गोड! दोन्ही शब्दांची मुळं वेगळी आहेत, पण त्याला इतक्यात सांगू नका.

सोलापूरची_लेक
पण मूळ प्रश्नातला अर्धा भाग राहिलाच की. फिनिश लोकांनी चार हजार वर्षं जपलेला मेसी सोडून 'हुनाया' का घेतला?

क्षकार
बरं झालं आठवण केलीत. 'हुनाया' जर्मानिक शेजाऱ्यांकडून आला. स्वीडिश 'होनुंग' आणि इंग्रजी 'हनी' त्याचेच भाऊबंद. पुढे त्याने बरणी बळकावली आणि मेसी मागे सरकला. पण मेला नाही. आजच्या फिनिशमध्ये मेसी म्हणजे मुख्यतः फुलातला मकरंद. माशीने घरी आणण्याआधीचा मध म्हणा. फिनलंडच्या आखाताच्या दक्षिणेला एस्टोनियात मात्र तो अजून बरणीतच आहे. आणि तिथे वेगळीच गंमत झाली: मधापासून केलेल्या मद्याला एस्टोनियनमध्ये 'मोदु' (mõdu) म्हणतात. तो शब्द नंतरच्या काळात शेजाऱ्यांकडून आला, त्याच 'मधु'च्या मुळातून. एकच शब्द दोनदा, दोन दारांनी आत आला. आपल्याकडे 'मध' आणि 'मधु' दोन्ही नांदतात तसंच.

मॉस्कोचे_दिवस
हा शब्द पूर्वेलाही गेलाय. मध्य आशियातल्या जुन्या तोखारी भाषेत 'मित', आणि चिनी भाषेतला मधाचा 'मी' तिथूनच घेतलेला मानतात. तो पुढे जपानीत 'मित्सु' झाला. फिनलंडपासून जपानपर्यंत एकच थेंब पसरलाय.

वैदिक_वाटसरू
मी सुरुवातीला घाईने लिहिलं होतं. आता वाटतं, संस्कृतच्याही आधीचा आवाज एका फिनिश शब्दात टिकून राहिला, ही गोष्ट माझ्या मूळ म्हणण्यापेक्षा मोठी आहे. क्षकारताई, मनापासून आभार. फिनिश लोककाव्यात मधमाशीचं काही आहे का? आपल्याकडे ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या सूक्तांत मध आणि माशी वारंवार येतात, म्हणून विचारतो.

हिमफूल
आहे, आणि फार हृद्य आहे. एलियास ल्योनरोटने लोकगीतं गोळा करून 'कालेवाला' हे महाकाव्य सिद्ध केलं, पहिली आवृत्ती १८३५ची, वाढवलेली १८४९ची. त्यात लेम्मिनकॅइनेन नावाचा वीर मारला जातो आणि मृत्यूच्या नदीत त्याचे तुकडे वाहत जातात. त्याची आई लांब दातांचं दंताळं घेऊन नदी उपसते. एकेक तुकडा शोधून जुळवते. शरीर जुळतं, पण प्राण येत नाही, बोलता येत नाही. मग ती मेहिलॅइनेनला विनवते. माशी आधी रानातल्या फुलांवरून मध आणते, त्याने काम होत नाही. मग समुद्रांपलीकडून आणते, तरी नाही. शेवटी ती चंद्राच्या कडेने, ताऱ्यांजवळून थेट आकाशात जाते आणि तिथलं औषध आणते. ते लावल्यावर मुलगा उठून बसतो आणि म्हणतो, किती वेळ झोपलो होतो मी.

ल्योनरोटने १८३६ साली एक मासिक काढलं, त्याचंही नाव 'मेहिलॅइनेन'. तो स्वतः डॉक्टर होता.

वैदिक_वाटसरू
अश्विनीकुमार देवांचे वैद्य. मध आणि औषध दोन्हीकडे. यावर आज जास्त काही लिहिता येणार नाही, वाचत बसतो.

फक्त_वाचक
हिमफूल, ती बरणी संपली का?

हिमफूल
अर्धी उरलीय. थंडीमुळे मध गोठून पांढुरका, रवाळ झालाय. कोयनाकाठ दादा, खराब तर झाला नाही ना?

कोयनाकाठ
अजिबात नाही ताई. साखर धरली म्हणजे भेसळ, असं शहरातले लोक म्हणतात, ते चूक. अस्सल मधही थंडीत दाणे धरतो. बरणी कोमट पाण्यात ठेवा, आचेवर नको. हाताला सोसेल इतकंच पाणी गरम. हळूहळू सुटेल.

हिमफूल
ठेवलीय. मुलाने चिठ्ठीवर 'मेसी'च्या खाली पेन्सिलीने 'मध' लिहिलंय. 'ध'ची गाठ उलटी आलीय. तशीच राहू देणार आहे.